विनोद क्रमांक एकशे सत्तेचाळीस

बाईंच्या नवऱ्याला चारचौघांना हसवता येत असे, आणि त्यापलीकडे फारसं काही येत नसे. तो वीज कंपनीत मीटर-रीडर होता. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, जळमटं बाजूला सारून टॉर्चच्या उजेडात आकडे टिपायचे, आणि या घरात कानावर पडलेला किस्सा मीठमसाला लावून पुढच्या घरात सोडायचा. पगार आकड्यांचा मिळे, पण जीव किश्शांत होता. कुणाचं लग्न असो, कुणाची बढती असो, कुणी दवाखान्यातून घरी आलेलं असो, हा खुर्ची ओढून मधोमध बसणार आणि मांडीवर थाप मारून म्हणणार, "तुम्हाला ते दिव्याचं सांगितलं का?"

सगळ्यांना सांगितलेलं असे. तरी सगळे म्हणत, "नाही, सांगा ना!"

दिव्याचं म्हणजे हे. लग्नाची पहिली रात्र. नवरदेवाने खोलीच्या दाराला कडी घातली आणि नव्या नवरीला लाडात येऊन विचारलं, "दिवा मालवू का?" नवरी म्हणाली, "मालवा की! जे काय करायचं ते अंधारात उरका. उगाच युनिट कशाला जाळायचे?"

यावर खसखस पिकायची. पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे, बायका तोंडाला रुमाल लावायच्या आणि सगळ्यांच्या नजरा एकदम बाईंकडे वळायच्या. बाई त्या वेळी बहुतेक चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत. त्या हसत नसत. नवरा मग हात पसरून म्हणे, "बघा! एकवीस वर्षं झाली, अजून हसली नाही. ठोकळा आहे ठोकळा!" त्यावर पुन्हा हशा. अशा रीतीने एका विनोदाचे दोन विनोद होत, आणि बाईंचं नाव नात्यागोत्यात ठोकळा पडलं ते पडलंच.

खरं काय झालं होतं, ते खोलीतल्या दोघांनाच ठाऊक होतं. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. तोवर जन्म तीन बहिणींच्या मध्ये, एकाच अंथरुणात झोपण्यात गेलेला. परकं घर, परकी खोली, परका माणूस. त्या म्हणाल्या होत्या, "दिवा राहू दे. मला अंधारात भीती वाटते." त्याने दिवा मालवला होता. चौथ्या दिवशी त्याच्या मावशीकडे जेवायला गेल्यावर बाईंनी हा किस्सा पहिल्यांदा ऐकला, हातात पाण्याचा तांब्या असताना. भरल्या घरात सगळे त्यांच्याकडे बघून हसत होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण बाईंना शाळेत पाठ होती. अर्थ त्या दिवशी कळला.

नवरा मुळात मूर्ख आहे, असं बाईंनी त्यानंतर ठरवून टाकलं. इतक्या वेळा तीच थाप मारून त्याला स्वतःलाच ती खरी वाटू लागली असणार. मूर्खावर माणूस किती दिवस रागावणार? बाईंनी रागावणं सोडलं आणि त्याला मनातल्या मनात तुच्छ लेखायला सुरुवात केली. ते स्वस्त पडतं. त्यात भांडण होत नाही, भांडी आपटावी लागत नाहीत, आणि आमटीला मीठ बरोबर पडतं.

बाई विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात टायपिस्ट होत्या. विभागप्रमुखाची खुर्ची थोडक्यात हुकलेले एक प्राध्यापक तिथे होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. सरांनी एक मोठा प्रकल्प मिळवला होता: विनोदातील लैंगिक व आक्रमक आशय. माणसं कशाला हसतात, किती हसतात, पुरुष जास्त हसतात की बायका, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास. सर स्वतः कधी हसत नसत. कुणी विनोद सांगितला की ते मान तिरकी करून म्हणत, "हं. इथे अपेक्षाभंग आहे." सांगणारा खजील होऊन निघून जाई.

गावभर पत्र्याच्या पेट्या टांगल्या गेल्या. गिरणीत, बस डेपोत, सरकारी दवाखान्यात, कचेऱ्यांत. वर लिहिलेलं: तुम्हाला माहीत असलेला विनोद चिठ्ठीवर लिहून आत टाका, नाव लिहू नका. तीन महिन्यांत दोन हजारांवर चिठ्ठ्या जमल्या. त्या सगळ्या बाईंनी वाचल्या, निवडलेल्या तीनशे जाड कार्डांवर टाइप केल्या. पहिल्या आठवड्यात त्यांचे कान तापायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जांभया यायला लागल्या. दोन हजार चिठ्ठ्यांत मिळून चार-पाचच गोष्टी होत्या. बायको जाडी, बायको कजाग, सासू मरत नाही, शेजारीण देखणी, आणि म्हाताऱ्याला जमत नाही. बाकी सगळी फिरवाफिरवी. एवढ्याशा भांडवलावर अख्खं पुरुषमंडळ जन्मभर दात काढतं, याचं बाईंना नवल वाटलं. मग नवलही वाटेनासं झालं.

कार्ड झाली की गुण. प्रत्येक विनोदाला दोन आकडे द्यायचे: लैंगिक किती, आक्रमक किती, शून्य ते पाच. यासाठी सर आणि दोन व्याख्याते दुपारी टेबलाभोवती बसत आणि बाई नोंद घेत. एका विनोदात सासू गच्चीवरून पडते ती थेट दूधवाल्याच्या अंगावर. त्यावर पाऊण तास गेला.

"पडते, म्हणजे आक्रमक तीन," सर म्हणाले. "पण दूधवाल्याच्या अंगावर पडते. म्हणजे लैंगिक एक तरी हवा."

"दूधवाला म्हातारा असेल तर?" पहिल्या व्याख्यात्याने विचारलं.

"चिठ्ठीत वय दिलेलं नाही."

"मग अर्धा द्या," दुसरा म्हणाला.

सरांनी डोळे मिटून विचार केला. "बाई, अर्धा लिहा."

बाईंनी अर्धा लिहिला. तिघांच्या पदव्यांची बेरीज केली तर नऊ होत होती.

एकशे सत्तेचाळीसावं कार्ड बस डेपोच्या पेटीतून आलं. जाड पेन्सिलीने, ऱ्हस्वदीर्घाची ऐशीतैशी करून लिहिलेली चिठ्ठी. एका मीटरवाल्याचं लग्न होतं, पहिल्या रात्री तो बायकोला म्हणतो. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि पुढची वाचायची गरज उरली नाही. लिहिणारा त्यांच्या ओळखीतला नव्हता. त्यांच्या नवऱ्याचं नाव त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. किस्सा तोंडातोंडी फिरत गाव ओलांडून डेपोपर्यंत गेला होता आणि तिथल्या कुणा कंडक्टरने तो आपला म्हणून पेटीत टाकला होता. बाईंनी तो टाइप केला. एकही चूक झाली नाही.

गुण द्यायच्या दिवशी सर म्हणाले, "लैंगिक तीन. आक्रमक... एक."

"एक?" बाई म्हणाल्या. दोन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "यात कुणाला इजा होत नाही ना, बाई."

बाईंनी एक लिहिला.

पुढचा टप्पा वाचनाचा. विभागाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे बारा खुर्च्या, एक टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर. बारा-बारा माणसांच्या तुकड्या बोलवायच्या, त्यांच्यापुढे निवडक चाळीस विनोद सपाट आवाजात वाचायचे, आणि कोण किती हसलं ते नोंदवायचं. चेहरा हलला नाही तर शून्य, ओठ हलले तर एक, आवाज आला तर दोन, दात दिसले तर तीन, अंग हललं तर चार. आधी एका व्याख्यात्याला वाचायला बसवलं. तो शेवट येण्याआधी स्वतःच खुदखुदायचा. मग एका बाईला बसवलं. ती बारावा विनोद वाचून जी उठून गेली, तिने थेट राजीनामाच पाठवून दिला. तेव्हा सरांची नजर बाईंवर गेली.

"तुमचा चेहरा फार उत्तम आहे, बाई," सर म्हणाले. "त्यावर काहीच नसतं."

एकवीस वर्षांत पुरुषाने बाईंच्या चेहऱ्याची केलेली ही पहिली स्तुती. बाई वाचायला बसल्या.

त्या चांगलं वाचत. रेशनची यादी वाचावी तसं. समोर गिरणी कामगार, कारकून, कंडक्टर, शिक्षक येऊन बसत. आधी अंग चोरून, मग पाय पसरून. चाळीसांत एकशे सत्तेचाळीस क्रमांकाचं कार्ड होतंच, कारण ते सरांच्या मते नमुनेदार होतं. आठवड्यातून चार वेळा बाई अनोळखी माणसांना आपल्या लग्नाची पहिली रात्र वाचून दाखवत आणि समोरचे बारा जण किती हसले ते बारा चौकटींत भरत. पुरुषांची सरासरी तीनच्या वर गेली. बायकांची एकाच्या आसपास रेंगाळली. सर कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसलेले असत आणि बायकांची तुकडी उठून गेली की समाधानाने म्हणत, "दिसतंय ना? स्त्रियांना या प्रकारच्या विनोदाची जाण मुळातच कमी."

बाईंना दिसत होतं ते वेगळं. बायका आत येत, कोपऱ्यातल्या माणसाकडे बघत, पदर सावरत, ओढणी सारखी करत, आणि मग चाळीस विनोद होईपर्यंत परीक्षेला बसल्यासारख्या बसत. बाहेर जिन्यावर गेल्या की त्यांचा खिदळण्याचा आवाज वरपर्यंत येई.

मग एकदा सरांची दाढ दुखली. गाल सुजून टम्म फुगला, सर दंतवैद्याकडे पळाले. नेमक्या त्याच वेळी दवाखान्यातल्या बारा परिचारिका दिवसपाळी संपवून आल्या. त्यांना परत पाठवणं शक्य नव्हतं. बाईंनी दार लावलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पाच विनोदांना त्या नेहमीसारख्या गप्प. सहाव्याला एकीने मागे वळून कोपऱ्यातली रिकामी खुर्ची पाहिली आणि शेजारणीला कोपर मारलं. मग हळूहळू खोली सैल झाली. चौकटींत दोन आणि तीन पडायला लागले.

एकशे सत्तेचाळीस आला. बाईंनी सपाट आवाजात वाचला. "उगाच युनिट कशाला जाळायचे?"

कुणी हसलं नाही. खिडकीजवळ एक थोराड, पांढऱ्या केसांची परिचारिका पाय चोळत बसली होती. ती म्हणाली, "मेल्याने दिवा चालू ठेवला असता तरी काय बिघडत होतं? याचं उरकेपर्यंत मीटरची चकती एक फेरासुद्धा पुरी करत नाही!"

खोली फुटली. एक जण खुर्चीवरून घसरली. दुसरी डोळे पुसत म्हणाली, "ताई, हे पण लिहा हो कार्डावर!" आणि बाईंच्या छातीतून काहीतरी वर आलं. पहिल्यांदा त्यांना ठसका लागला असं वाटलं. मग त्या हसायला लागल्या. टेबलावर डोकं ठेवून, खांदे गदगदत, टेपरेकॉर्डर बंद करायचंही भान न राहता. स्वतःच्या हसण्याचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. तो बराच जाड होता.

बायका गेल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे शेऱ्यात लिहिलं: एका परिचारिकेने शेवट जोडला; वाचकास हसू आले. सरासरी: चार.

दुसऱ्या दिवशी सरांनी गालाला रुमाल बांधूनच कागद पाहिले. "ही तुकडी रद्द," ते म्हणाले. "वाचकच हसला तर विश्वासार्हता काय राहिली? शिवाय त्या बाईने आपल्या पदरचा शेवट घुसडलाय. तो विनोद पेटीतून आलेला नाही."

"सर, तुम्ही खोलीत असता तेव्हा बायका हसत नाहीत," बाई म्हणाल्या.

"माझा काय संबंध? मी तर कोपऱ्यात असतो."

बाईंनी बारा परिचारिकांचे कागद फाइलमधून काढले. फेकले मात्र नाहीत.

त्या दिवसापासून घरी एक नवीन गोष्ट सुरू झाली. जेवताना नवऱ्याने नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं सांगायला घेतलं: त्या जिना चढतात तेव्हा मीटर पण धापा टाकतो, वगैरे. मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची, सवयीने हसायच्या बेतात होती. बाई भात वाढता वाढता वाचनाच्या आवाजात म्हणाल्या, "लैंगिक एक, आक्रमक तीन. लक्ष्य, शेजारीण."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "काय?"

"काही नाही. सांगा पुढे."

पुढचं सांगितलं गेलं, पण पाय घसरल्यासारखं. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबाच्या बायकोचं सांगितलं. "लैंगिक तीन, आक्रमक दोन. लक्ष्य, साहेबाची बायको. हा पेटीत सतरा वेळा आलाय." मुलगी हसली, पण चुकीच्या ठिकाणी. पंधरा दिवसांत नवऱ्याची अवस्था अशी झाली की तोंड उघडण्याआधी तो बायकोकडे बघायचा. आणि विनोद काढून घेतल्यावर या माणसाजवळ बोलायला दुसरं काही नाही, हेही पंधरा दिवसांत उघडं पडलं. हवा गरम आहे. भाजी बरी झालीय. नळाला पाणी कमी येतं. बाईंना एकदाही दया आली नाही. बैल पुढे चालतोय तोवरच घंटा वाजते, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटी तो चिडला. "तुझ्या त्या सरालाच भेटतो," म्हणाला. "माझ्या बायकोला हे धंदे शिकवतो म्हणजे काय!"

आणि खरंच एका दुपारी तो विभागात येऊन उभा राहिला, गणवेशात, कंबरेला टॉर्च लटकवून. बाई प्लायवूडच्या आडोशामागे टाइप करत होत्या. त्यांना तो दिसत नव्हता, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "तुमच्या टायपिस्टबाईंचा नवरा मी," म्हणत नवरा तावातावाने आत गेला. सरांनी त्याला बसवलं, काय काम करता विचारलं. मीटर-रीडर म्हटल्यावर सरांचा आवाज बदलला. मग नवऱ्याने सांगितलं की दिव्याचा किस्सा त्याचाच, एकवीस वर्षांपासून तो सांगतोय, गावभर त्याचं नाव आहे. सर खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे तुम्ही मूळ स्रोत! एकशे सत्तेचाळीसचे मूळ स्रोत!" सरांनी टेपरेकॉर्डर मागवला, चहा मागवला. भुकेल्या घोड्यापुढे कुणी नेमकी पेंड धरावी तसं झालं. नवऱ्याचा राग कुठल्या कुठे पळाला. त्याने खुर्ची पुढे ओढली, मांडीवर थाप मारली आणि दिव्याचं सांगितलं, नीट रंगवून, थांबत थांबत.

सर म्हणाले, "हं. अपेक्षाभंग आहे." मग म्हणाले, "पण हा घडलेला प्रसंग आहे का? पत्नी खरंच असं म्हणाली?"

"छे हो!" नवरा म्हणाला. "ती कसली म्हणते! ती म्हणाली, दिवा राहू दे, मला भीती वाटते. मी मालवला तर मुसमुसायला लागली. तासभर. आता हे कुणाला सांगणार? म्हणून मी शेवट बदलला."

आणि मग सर हसले. ज्या माणसाला दोन हजार चिठ्ठ्यांनी हसू आलं नव्हतं तो हसला. "शेवट बदलला! वा!" ते म्हणत होते. नवराही हसायला लागला. सर म्हणाले, "म्हणजे मूळ प्रसंगात हसण्यासारखं काही नव्हतंच!" नवरा म्हणाला, "काहीच नव्हतं हो!" आणि दोघं पुन्हा हसले, कपबशा वाजेपर्यंत.

आडोशामागे बाईंची बोटं टाइपरायटरवर थांबली होती. एकवीस वर्षं त्या नवऱ्याला मूर्ख समजत आल्या होत्या. थाप मारून मारून तो खरं विसरून गेला, असं. त्याला सगळं आठवत होतं. भीती आठवत होती, मुसमुसणं आठवत होतं, किती वेळ ते सुद्धा आठवत होतं. दर वेळी मांडीवर थाप मारण्याआधी त्याला ते आठवत असणार. मूर्खाला तुच्छ लेखणं हलकं असतं; आता जे आलं ते जड होतं आणि ते कुठे ठेवावं हे बाईंना कळेना. त्यांनी कागद नीट लावून घेतला आणि अर्धवट राहिलेला तक्ता पुरा केला.

संध्याकाळी सरांनी टेप त्यांच्या टेबलावर ठेवली. नजर जरा चुकवत म्हणाले, "बाई, हे उतरवून काढा. अक्षर न अक्षर. हशासकट, सेकंदांसकट."

"अक्षर न अक्षर?"

"शास्त्र आहे हे, बाई."

बाईंनी उतरवलं. मुख्य संशोधक: हं. अपेक्षाभंग आहे. स्रोत: ती म्हणाली, दिवा राहू दे. स्रोत: मुसमुसायला लागली. मुख्य संशोधक: (हशा, अकरा सेकंद). स्रोत: (हशा, नऊ सेकंद). दोन्ही: (हशा, चौदा सेकंद). घड्याळ लावून तीनदा मोजलं. हे झालं परिशिष्ट चार. सरांनी अहवालाची जाडी अंगठ्याने चाळून पाहिली, "वा, भरीव झालाय" म्हणाले आणि सात प्रती प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीकडे पाठवल्या. सर सारांशापलीकडे स्वतःचं लिहिलेलंही वाचत नसत, हे बाईंना नऊ वर्षांपासून माहीत होतं.

कार्बन प्रत त्यांनी घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. आधी ती मुलीने वाचली. उभ्याउभ्याच. मग बापासमोर सरकवली.

नवरा वाचू लागला तेव्हा त्याच्या तोंडावर किंचित फुशारकी होती. आपलं बोलणं छापून आलंय म्हणून. दुसऱ्या पानावर ती गेली. त्याने पान उलटलं, पुन्हा मागे आला.

"हे असं लिहिल्यावर वाईट दिसतं," तो म्हणाला.

"हशा पण लिहिलाय की," बाई म्हणाल्या. "एकही सेकंद कमी केला नाही."

मुलीने विचारलं, "बाबा, आई तासभर रडत होती तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

तो बायकोकडे बघू लागला, जणू पुढची ओळ तिने सुचवावी. बाईंनी सुचवली नाही.

"झोपलो," तो म्हणाला. "दमलो होतो गं."

मुलगी उठून आत गेली. तो त्या कागदांकडे बघत बसला. मग त्याने ते घडी करून खिशात घालायचा प्रयत्न केला. बाईंनी हात पुढे केला, त्याने मुकाट्याने परत दिले.

समितीची बैठक दोन महिन्यांनी झाली. बाई इतिवृत्त लिहायला बसल्या होत्या. समितीत एक वयस्क डॉक्टरबाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. बाकीच्यांनी अहवालाचं वजन पाहून मत बनवलं होतं. यांनी तो वाचला होता. त्यांनी परिशिष्ट चार उघडलं आणि विचारलं, "प्राध्यापक, तुम्ही इथे अकरा सेकंद कशाला हसलात?"

सरांना ते पान कुठलं हेच कळेना. शोधलं, वाचलं, आणि दाढ दुखत होती त्या दिवसापेक्षाही चेहरा सुजला. "ते... संशोधनाच्या ओघात..."

"ही बाई कोण? तिची परवानगी घेतली होती?"

सरांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे बाई पेन धरून बसल्या होत्या. पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"अशी कुणी बाई नाही," सर म्हणाले. "तो विनोद आहे."

"सर," बाई म्हणाल्या, "हे असंच लिहून घेऊ?"

डॉक्टरबाईंनी सरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि हळूच चष्मा काढला.

"घ्या," सर कसेबसे म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. परिशिष्ट चार काढून टाकण्याचा ठराव झाला, आणि तोही बाईंनीच टाइप केला. सरांचं फारसं वाकडं झालं नाही. तशांचं होत नाही. वर्षभराने त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. स्त्रियांना लैंगिक व आक्रमक विनोदाची जाण कमी असते, असा निष्कर्ष होता. तळटीपेत एक तुकडी तांत्रिक कारणाने वगळल्याचं लिहिलं होतं. पुढे सर विभागप्रमुखही झाले. बाई तोवर परीक्षा विभागात बदली मागून गेल्या होत्या. तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असत आणि कुणी कुणाला हसवायला येत नसे. चार वर्षांनी त्या तिथल्या मुख्य लिपिक झाल्या.

नवऱ्याने माफी मागितली नाही. मागायची असते हे त्याच्या लक्षात आलं की नाही, तेही कळलं नाही. लग्नाकार्यात कुणी "ते दिव्याचं सांगा" म्हणालं की तो म्हणे, "जुनं झालं हो." लोक एकदोनदा आग्रह करून सोडून देत आणि दुसऱ्या कुणाभोवती खुर्च्या ओढत. तो मग कडेला बसून आइस्क्रीम खात असे. बाईंना ते दिसत असे. सुख झालं, असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि वाईट वाटलं, असंही नाही.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहू लागली. एकदा सुट्टीला आली असताना दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मुलीने न राहवून विचारलं, "आई, तेव्हाच सोडून का नाही गेलीस गं त्यांना? नोकरी होती तुझी."

बाईंनी ओली चादर झटकली, दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या.

"सोडून जावं एवढा मोठा नव्हता गं तो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ते चिमटे दे. वारा सुटलाय."